रिती मासोळी

"आज तू टाकीला हात लावायचा नाहीस," असं म्हणून सबनीस सरांनी माझ्या हातातली बादली काढून घेतली आणि परागच्या हातात दिली.

सकाळचे साडेनऊ झाले होते. प्रयोगशाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सिमेंटच्या चार टाक्या, टाक्यांत रोहू मासे, आणि ते सगळं चार वर्षांपासून माझ्या अंगावर. पाणी बदलायचं, खाद्य टाकायचं, शेवाळ घासायचं, मासा काढून द्यायचा. मी रोजंदारीवर होतो. हजेरीच्या वहीत 'शालिक दिघोरे' आणि बोलण्यात 'ए शालिक'.

सरांना संशय होता की मी टाकीत काहीतरी टाकतो. आठ दिवसांपूर्वी त्यांनी माझ्या खिशातली खर्ऱ्याची पुडीसुद्धा तपासायला पाठवली होती. तपासणीत सुपारी, तंबाखू आणि चुना निघाला. एवढं तर मीच सांगितलं असतं.

शेडच्या दारात निलाक्षी खापेकर उभी होती. दोन्ही हात पांढऱ्या कोटाच्या खिशात. सरांच्या हाताखाली ती पीएच.डी. करत होती. पाच वर्षं तिनं एकाच गोष्टीत घातली होती, आणि त्या पाच वर्षांचा निकाल आज संध्याकाळपर्यंत लागणार होता.

तिचं काम तिनंच मला एकदा समजावलं होतं, खाद्याच्या रिकाम्या पोत्यावर खडूनं चित्र काढून. माशाच्या डोक्यामागे मूत्रपिंडाचा पुढचा भाग असतो. माणसाच्या हाडात जसं रक्त बनतं तसं माशाचं तिथं बनतं. तिथल्या पांढऱ्या पेशींच्या पोटात बारीक दाणे असतात आणि दाण्यांत एक प्रथिन. जंतू अंगावर आला की पेशी दाणे फोडते, प्रथिन बाहेर पडतं आणि जंतूच्या अंगाला भोकं पाडतं. कोणी शिकवावं लागत नाही, जन्मजातच. तळ्यातल्या माशांना जखमा पडून ते पटापट मरतात, त्या रोगाचा जंतू या प्रथिनानं मरतो, हे तिनं दाखवलं होतं. सबनीस सर तेव्हा दोन परिषदांत छाती काढून बोलून आले होते.

मग बाहेरच्या एका प्रयोगशाळेनं तोच प्रयोग केला. जंतू मेला नाही. मग सरांच्याच दुसऱ्या विद्यार्थ्यानं, परागनं, सहा वेळा केला. सहाही वेळा नाही. परिषदांत छाती काढलेले सर एका रात्रीत मागे सरकले आणि त्यांनीच विद्यापीठाला पत्र लिहिलं, की माझ्या विद्यार्थिनीनं नळीत बाहेरचं औषध घातलं असावं. स्वतःची कातडी वाचवायला पोरीची सोलायची, याला विद्वत्ता म्हणतात.

आज तिनं सगळ्यांसमोर तोच प्रयोग पुन्हा करून दाखवायचा होता. जमला तर पदवी. नाही जमला तर खोटारडी म्हणून शिक्का, आणि तो शिक्का बसला की कुठल्याच प्रयोगशाळेचं दार पुन्हा उघडत नाही.

विद्यापीठाकडून तारापुरे मॅडम आल्या होत्या. पन्नाशीच्या, साडीखाली खेळाडूंचे बूट घातलेल्या, फार न बोलणाऱ्या. त्यांनी निलाक्षीची वही उघडली आणि मोठ्यानं वाचलं, "मासा जाळीने पकडला, वेळ एक मिनिट. हे कोणी लिहिलं?"

"मीच," निलाक्षी म्हणाली. "शालिकभाऊ मासा आणून देतात. ते सांगतात तसं लिहिते."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या पायांकडे पाहिलं.

"मग आजही जाळीनंच," मॅडम म्हणाल्या. "फक्त पकडणारा दुसरा."

परागनं जाळी टाकली. पहिल्या झटक्यात मासा निसटला आणि भिंतीवर आपटला. टाकीतले सगळेच मासे उधळले. पराग वाकला, घसरला, शिवी गिळली, परत जाळी मारली. एका मासळीमागे पाच-सहा मिनिटं त्यानं अशी धूम मांडली की तारापुरे मॅडमचे बूट भिजले. शेवटी एक सापडली. जाळीत तिनं इतकं अंग आपटलं की दोन-तीन खवले उडून माझ्या शर्टावर चिकटले. मग तिला लवंगतेल घातलेल्या पाण्यात सोडली आणि ती निपचित झाली.

पुढचं सगळं आत, टेबलावर. मला दाराशी उभं राहायची परवानगी होती. निलाक्षीनं डोक्यामागचा भाग काढला, पेशी वेगळ्या केल्या, त्यांचा अर्क केला. प्रत्येक बाटली मॅडमनी स्वतः आणलेली, सील स्वतः फोडलेलं. अकरा वाजता दोन नळ्या कोमट पाण्यात उभ्या राहिल्या. दोन्हींत तोच जंतू. एकीत नुसता, दुसरीत पेशींचा अर्क घालून. नुसत्या जंतूची नळी तीन तासांत ताकासारखी गढूळ व्हायची. दुसरी निवळ राहिली तर निलाक्षी खरी.

 त्या तीन तासांत सर येरझारा घालत होते. परागनं एकदा चहा आणला, तो कोणी घेतला नाही. निलाक्षी सूक्ष्मदर्शकावर बसली होती. उरलेल्या पेशींना रंग देऊन तिनं काच लावली होती.  मग स्वतःशीच म्हणाली, "रिकाम्या आहेत."

"काय?" मॅडमनी विचारलं.

"पेशी आहेत, पण पोटात दाणे नाहीत. रित्या आहेत सगळ्या."

सर म्हणाले, प्रयोग फसला की अशी कारणं सुचतातच.

मी मात्र दाराशी जागच्या जागी थंड झालो. कारण 'रिती' हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, आणि तो पेशींबद्दल नव्हता.

आम्ही ढिवर. भंडाऱ्याकडच्या एका बोडीवर, म्हणजे लहान तळ्यावर, मासे धरण्यात आमच्या पिढ्या गेल्या. आमच्यात बाळंतिणीला जाळ्यातली मासोळी देत नाहीत. जाळ्यात तडफडून आलेली, पळून पळून दमलेली मासोळी म्हणजे 'रिती'. तिच्यात आता काही उरलं नाही, असं बायका म्हणतात. बाळंतिणीसाठी घरच्या पुरुषानं पाण्यात उतरून हातानंच मासोळी काढायची, तिला न घाबरवता, न पळवता. माझ्या बहिणीच्या बाळंतपणात बापानं मला असा सव्वा महिना रोज बोडीत उतरवला. का म्हणून कोणी विचारत नसे. रितीच ती, रितीत काय असते, एवढंच.

आणि निलाक्षीला माझ्या चार वर्षांत जेवढे मासे मी दिले, ते सगळे हातानं काढलेले होते. तिला मी जाळीनं काढले म्हणून सांगत होतो. पराग मात्र स्वतःची मासळी स्वतःच जाळीनं काढायचा, त्याला माझी वाट पाहायला वेळ नसे. बाहेरच्या लोकांनीही जाळीच वापरली असणार.

म्हणजे खोटं औषध नळीत कोणी घातलं नव्हतं. खोटं वहीत होतं, आणि ते मी घातलं होतं.

आता खरं सांगतो, मी लगेच बोललो नाही. पुढच्या महिन्यात कायम करायच्या लोकांची यादी वर जाणार होती आणि तिच्यात माझं नाव तिसरं होतं. नियमाची पाटी शेडमध्ये लटकत होती, मासा जाळीनेच काढावा. तो नियम चार वर्षं मोडला म्हणून सांगायचं, वर त्याबद्दल खोटं बोललो म्हणून सांगायचं, तेही सबनीससमोर. पोरगी हुशार आहे, तिचं ती बघेल. एवढं सगळं मी त्या दाराशी उभं राहून मनात बोललो. मी काही थोर माणूस नाही.

दोन वाजता मॅडमनी नळ्या उजेडात धरल्या. दोन्ही गढूळ. एकसारख्या.

निलाक्षी रडली नाही. तिनं हातमोजे काढले, एकात एक घातले आणि टेबलाच्या कडेला ठेवले. परागनं मान वळवली. सर मॅडमना म्हणाले की अहवाल लिहायला माझी खोली वापरा, तिथं पंखा बरा आहे. त्यांच्या आवाजात सुटल्याचा जो गोडवा होता, तो ऐकला आणि माझं यादीचं भान गेलं.

"मॅडम," मी म्हणालो, "मासोळी रिती होती."

सरांनी मला बाहेर जायला सांगितलं. मी गेलो नाही. मी सांगितलं की मी यांना एकही मासा जाळीनं दिला नाही, सगळे हातानं दिले, वहीत खोटं लिहवून घेतलं ते मी. पळवलेल्या मासोळीत काही उरत नाही, हे आमच्या घरी बायांनाही ठाऊक आहे. तुम्ही ज्याला दाणे म्हणता ते ती पळतानाच सांडून बसत असेल. परागसरांनी सहा वेळा केलं ते सहाही वेळा रित्याच मासोळीवर केलं.

"बाळंतिणीच्या खाण्यावरून आता विज्ञान ठरवायचं का?" सर म्हणाले.

निलाक्षी एकदम उभी राहिली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, हवेत बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते. मग ती भराभर बोलली. घाबरलेल्या जनावराच्या पेशी दाणे आधीच सोडून देऊ शकतात, शत्रू आला असं समजून. म्हणजे अर्क करण्याआधीच प्रथिन गेलेलं. असं असेल तर पराग खरा आणि मीही खरी.

तारापुरे मॅडमनी घड्याळ पाहिलं. "मला अंधार पडला तरी चालेल," त्या मला म्हणाल्या. "काढा मासा."

मी चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली आणि टाकीत उतरलो. सकाळच्या टाकीतले मासे अजून बिथरलेले होते. म्हणून मी दुसरी टाकी निवडली, जिला परागनं हात लावला नव्हता. उजवा हात पाण्यात सोडला आणि उभा राहिलो.

यात दिसण्यासारखं काही नसतं. हात पाण्याइतका थंड होईपर्यंत थांबायचं. गरम हात माशाला कळतो. मग बोटं हलवायची नाहीत, अख्खा हात वाहू द्यायचा, जणू पाण्यात पडलेली फांदी. दहा मिनिटं गेली. सर म्हणाले, हा वेळकाढूपणा आहे. मॅडमनी त्यांना बोटानं गप्प केलं. पंधरा मिनिटं गेली. माझी पोटरी थरथरायला लागली आणि मला भीती वाटली की ती थरथर पाण्यात उतरेल. चार वर्षांत पहिल्यांदा मला कोणीतरी मासा काढताना बघत होतं. एक मासळी जवळ आली, हाताला घासून गेली. मी तिला जाऊ दिलं. ती परत आली. मी हात शेपटीकडून तिच्या पोटाखाली नेला आणि नुसता ठेवला. ती बसली. तळहातावर मासोळी बसते तेव्हा तिचा कल्ला तुमच्या मनगटावर उघडमिट करतो. तो संथ होता.

निलाक्षीनं लवंगतेलाची बादली टाकीतच बुडवून धरली होती, मी खुणेनं सांगितलं तशी. मी हात बादलीत नेला. पाण्यावर एकही तरंग आला नाही.

"जन्मजातच असतं हे या लोकांत," सर मॅडमना म्हणाले, कौतुकानं.

"नाही जी," मी म्हणालो. "दोन उन्हाळे बापाच्या लाथा खाऊन शिकलो मी. पोटातून काही घेऊन आलो नाही."

परत सगळं पहिल्यापासून. सील, बाटल्या, अर्क. पावणेपाचला नळ्या कोमट पाण्यात गेल्या. निलाक्षीनं काच लावली, सूक्ष्मदर्शकावर वाकली, आणि बाजूला होऊन मॅडमना जागा दिली. मॅडमनी पाहिलं. मग त्यांनी मला बोलावलं. निळसर पेशी, आणि पोटात साबुदाण्यासारखे गच्च भरलेले दाणे. पण दाणे दिसले म्हणजे जंतू मेला असं होत नाही. वाट बघायचीच होती.

सहा वाजता एक नळी धुरकट झाली. साडेसहाला ती ताक झाली. दुसऱ्या नळीकडे बघायची हिंमत निलाक्षीला होत नव्हती, ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. पावणेआठला मॅडमनी दुसरी नळी उचलली, तिच्यामागे छापील कागद धरला आणि नळीतून पलीकडची अक्षरं वाचून दाखवली. एकूण एक अक्षर.

निलाक्षी भिंतीला धरून खाली बसली. पराग तिच्याजवळ जाऊन म्हणाला की माझ्या सहा वेळा फुकट गेल्या नाहीत तर, आणि दोघंही वेड्यासारखे हसले. मीही हसलो. मला वाटलं, झालं.

झालं नव्हतं. तारापुरे मॅडमनी वही उघडली. त्या म्हणाल्या की निकाल खरा आहे, पण वहीत एकतीस ठिकाणी 'जाळीने' लिहिलंय, ते खोटं आहे. खोट्या नोंदीवर पदवी देता येत नाही. आत्ता, माझ्यासमोर दुरुस्ती लिहा, आणि नोंद चुकली त्याचं कारण लिहा. त्याखाली दोघांच्या सह्या.

सर पुढे झाले. आता त्यांना निकाल पुन्हा स्वतःचा वाटायला लागला होता. "कामगाराने जाणूनबुजून दिशाभूल केली, असं लिही," ते म्हणाले.

निलाक्षीनं पेन उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "शालिकभाऊ, माझी पाच वर्षं गेली असती. का खोटं सांगितलंत? एकदा तरी सांगायचं."

 मग तिनं सरांनी सांगितलं तेच लिहिलं. एक अक्षरही खोटं नव्हतं त्यात. सरांनी शाईचा पॅड माझ्याकडे सरकवला, अंगठ्यासाठी. चार वर्षं मी त्यांच्यासमोर रोज हजेरीवर सही करत होतो.

मी पॅड बाजूला केला, निलाक्षीच्या हातातलं पेन घेतलं आणि सही करायच्या आधी कारणाच्या रकान्यात एक ओळ लिहिली. सावकाश लिहिली, कारण अक्षर चांगलं यायला हवं होतं. मग सही केली आणि वही तिच्याकडे फिरवली.

तिनं ती मोठ्यानं वाचली. "पहिल्याच आठवड्यात मी टाकीत हात घातला तेव्हा निलाक्षी मॅडम म्हणाल्या, हात घालू नका, टाकी बाटेल."



"मी असं म्हटलं होतं?" ती म्हणाली.

तिला खरंच आठवत नव्हतं. तिनं ते वाईट मनानं म्हटलंही नव्हतं. त्या प्रयोगशाळेत सगळे तसंच बोलायचे. ताटलीत बुरशी आली की 'ताटली बाटली', नळी उघडी राहिली की 'नळी बाटली'. हे मला सहा महिन्यांनी समजलं. पण त्या पहिल्या आठवड्यात मला एवढंच ऐकू आलं होतं की माझ्या हातानं पाणी बाटतं. माझा आजा मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, घरी पाणी भरायचा. त्याच्या हातचं पाणी त्यांच्या देवघरात चालायचं. आणि माझा हात या लोकांच्या माशांना चालत नव्हता. मग मी दार लावून मासे काढायला लागलो आणि तोंडानं 'जाळी' म्हणायला लागलो. समजल्यावरही म्हणत राहिलो. एकदा गिळलेला शब्द परत कसा काढायचा, ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

सर म्हणाले, असली ओळ कागदपत्रात जाऊ शकत नाही, संस्थेचं नाव खराब होईल. खोडून टाक ती.

"खोडता येणार नाही," तारापुरे मॅडम म्हणाल्या. "वहीतलं काहीही खोडायचं नसतं. नको असेल तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला सही आणि तारीख. आणि रेघ जिची वही तिनंच मारायची."

सगळे निलाक्षीकडे बघत होते. सबनीस सर अजून तिचे मार्गदर्शक होते. तिच्या प्रबंधावर त्यांची सही व्हायची होती. त्यांनी तिला नावानं हाक मारली, फक्त नावानं, आणि थांबले.

 तिनं परागकडे पट्टी मागितली. पट्टी माझ्या वाक्यावर ठेवली, सरळ आहे का ते वाकून पाहिलं, आणि इतकी बारीक रेघ ओढली की एकाही अक्षराचा काना, मात्रा, वेलांटी झाकली गेली नाही. बाजूला तिनं सही केली, तारीख घातली. त्याच्याखाली, कोणी सांगितलं नव्हतं तरी, लिहिलं, 'वाक्य खरे आहे.' आणि वही मिटून तारापुरे मॅडमच्या हातात दिली.